वारसा उभारावा लागतो

खरी प्रतिभा असली की ती कुठूनही वाट काढते, असे आपल्याकडे फार सहज म्हटले जाते. मराठी साहित्याचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास या म्हणण्याला फारसा आधार देत नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन १९७८ साली वाचकांच्या हाती पडले ते ग्रंथालीमुळे, आणि ग्रंथाली नुसती प्रकाशनसंस्था नव्हती. वाचकांना सभासद करून घेणारी, पुस्तक छापून होण्याआधीच त्याच्यासाठी वाचक गोळा करणारी ती चळवळ होती. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ही तिनेच काढले. त्याआधी, साठच्या दशकाच्या अखेरीस, गंगाधर पानतावणे औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ चालवू लागले होते. त्या नियतकालिकाने आणि त्याच्या मेळाव्यांनी लिहू पाहणाऱ्या दलित तरुणांना छापायला जागा दिली, चार शब्द सुनावणारा संपादक दिला आणि समोर बसून ऐकणारे लोक दिले. त्याच्याही मागे १९५८ साली मुंबईत भरलेले, अण्णाभाऊ साठ्यांनी उद्घाटन केलेले पहिले दलित साहित्य संमेलन होते. प्रतिभा त्या तरुणांची स्वतःचीच होती, यात वाद नाही. पण व्यासपीठ नसते तर तिच्यातली किती कागदावर उतरली असती आणि उतरलेली किती टिकली असती, हा प्रश्न उरतोच. हाच प्रश्न आज समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी, म्हणजे थोडक्यात एलजीबीटी म्हटल्या जाणाऱ्या तरुण लेखकांच्या बाबतीत विचारायला हवा. त्यांच्यासाठी जगात आणि भारतात जे लेखनवर्ग, शिबिरे, छोटी नियतकालिके आणि संमेलने चालतात, ती सहानुभूतीपोटी केलेली सोय आहे असा समज असतो. प्रत्यक्षात इतर लेखकांना जन्माने आणि ओळखीपाळखीने जे आपसूक मिळते, ते या मुलामुलींना मिळवून देण्याचा हा एकमेव चालू मार्ग आहे.

दलित चळवळीशी केलेली ही तुलना एका ठिकाणी अपुरी पडते, आणि नेमके तिथेच या प्रश्नाचे मूळ आहे. दलित किंवा भटक्या समाजातल्या लेखकाला बाहेरच्या जगाने नाकारले, पण घराने त्याला बोली दिली, आजीच्या गोष्टी दिल्या, सोसलेल्याचा सामायिक हिशेब दिला. समलिंगी मूल बहुधा अशा घरात जन्मते जिथे आईवडील, आजीआजोबा, काकामामा यांच्यापैकी कुणीही तसे नसते, निदान तसे कुणी बोललेले नसते. अमेरिकन लेखक अँड्र्यू सॉलोमन यांनी ‘फार फ्रॉम द ट्री’ या २०१२ सालच्या ग्रंथात हा फरक नीट मांडला आहे. धर्म, भाषा, वंश यांसारखी ओळख पालकांकडून मुलांकडे उभी उतरते. काही ओळखी मात्र आडव्या असतात. त्या घराबाहेर, आपल्यासारख्या इतरांत शोधाव्या लागतात. साध्या जगण्यात हा फरक त्रासदायक असतो, तर लेखनात तो मुळावरच येतो. एकोणीस वर्षांच्या मुलाची पहिली कविता कोण वाचतो? बहीण, मित्र, महाविद्यालयातले मराठीचे सर, गावातल्या अंकाचे संपादक. समलिंगी मुलासाठी ती कविता दाखवणे म्हणजे स्वतःलाच उघड करणे असते. कच्चा खर्डा आणि आयुष्यातले सर्वांत मोठे गुपित एकाच कागदावर असेल, तर तो कागद कुणाच्या हाती जात नाही, आणि दुसऱ्याच्या हाती न गेलेले लेखन सुधारत नाही.

मराठीत ही अडचण व्याकरणानेच वाढवली आहे. इंग्रजीत प्रेमकविता लिहिणारा ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या आड सहज लपू शकतो. मराठीत क्रियापद चहाडी करते. ‘मी त्याची वाट पाहत थांबलो’ या पाच शब्दांत लिहिणाराही कळतो आणि वाट कुणाची तेही कळते. पारलिंगी व्यक्तीला तर आत्मकथनाच्या प्रत्येक वाक्यात ‘गेलो’ की ‘गेले’ हे ठरवावे लागते. बालपणाबद्दल लिहिताना एक रूप आणि आजबद्दल दुसरे, की पहिल्यापासून एकच? हे प्रश्न राजकीय दिसले तरी मुळात कारागिरीचे आहेत. त्यांवर बोलायला असा संपादक किंवा सहलेखक लागतो ज्याला प्रश्न ऐकून धक्का बसणार नाही आणि जो कौतुकाने गहिवरणारही नाही. तो सरळ म्हणेल, की तिसऱ्या परिच्छेदात तुझे रूप डळमळले आहे, ते मुद्दाम केले असेल तर आधी तशी तयारी कर. असा वाचक योगायोगाने भेटत नाही, त्याच्यासाठी जागा आखावी लागते.

अशा जागा आखण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत तपशीलवार अनुभव अमेरिकेचा आहे. सुरुवात पुस्तकाच्या दुकानांपासून झाली. न्यूयॉर्कमध्ये क्रेग रॉडवेल यांनी १९६७ साली ऑस्कर वाइल्डच्या नावाने दुकान काढले, तर वॉशिंग्टनमध्ये १९७४ साली डीकन मॅकबिन यांचे लॅम्डा रायझिंग सुरू झाले. पुस्तके विकण्याइतकेच त्यांचे काम माणसे एकमेकांना भेटवण्याचे होते. १९८०–८१ मध्ये न्यूयॉर्कमधले सात समलिंगी लेखक एकमेकांच्या घरी जमून आपले लेखन वाचू लागले. एडमंड व्हाइट, अँड्र्यू होलेरन, फेलिस पिकानो ही त्यांतली आज परिचित असलेली नावे. ‘व्हायोलेट क्विल’ म्हणून ओळखला जाणारा हा गट थोडेच दिवस टिकला, पण पुढच्या अमेरिकी समलिंगी कादंबरीचा बराचसा भाग त्या बैठकांतून निघाला. मग एड्स आला. १९९० सालापर्यंत या सातांपैकी चार जण गेले होते. ज्यांनी पुढच्या पिढीचे खर्डे वाचायचे, तेच चाळिशी-पन्नाशीत नाहीसे झाले. कृष्णवर्णीय लेखकांचे नुकसान आणखी खोल होते, कारण त्यांच्यासाठी मुळातच दारे कमी होती. जोसेफ बीम यांनी १९८६ साली कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या लेखनाचे ‘इन द लाइफ’ हे संकलन काढले आणि दुसऱ्याची तयारी चालू असताना १९८८ साली ते गेले. त्यांची आई डोरोथी बीम आणि कवी एसेक्स हेम्फिल यांनी ते काम पुरे केले आणि १९९१ साली ‘ब्रदर टु ब्रदर’ प्रसिद्ध झाले. चारच वर्षांनी, १९९५ साली, हेम्फिलही गेले. वारसा आडवाच असेल तर तो एका पिढीतही तुटू शकतो, याचा हा लेखी पुरावा आहे.

या तुटलेपणाला उत्तर म्हणून पुढे जे उभे राहिले त्यात लॅम्डा लिटररी या संस्थेचे काम सर्वांत जाणते आहे. वॉशिंग्टनच्या त्याच दुकानातून १९८७ साली पुस्तक-परीक्षणांचे नियतकालिक निघाले आणि १९८९ साली पहिले लॅम्डा पुरस्कार दिले गेले. इथवर सगळे छापून आलेल्या पुस्तकांसाठी होते. पुस्तक निघण्याआधीच्या लेखकाकडे संस्था वळली ती २००७ साली, लॉस एंजेलिसमध्ये नवोदितांसाठी आठवडाभराचे निवासी शिबिर सुरू करून. त्याची रचना साधी आहे. अर्जासोबत लेखनाचा नमुना द्यायचा, निवड लेखनावर होणार. निवडलेल्यांचे कथा, कविता, कथनेतर गद्य असे छोटे वर्ग, प्रत्येक वर्गाला एक अनुभवी लेखक. सहभागींनी एकमेकांचे खर्डे वाचून यायचे आणि आठवडाभर त्यावरच बोलायचे. ज्यांना खर्च परवडत नाही त्यांना शिष्यवृत्ती. संध्याकाळी जाहीर वाचने, आणि पुस्तकाच्या धंद्यातल्या माणसांशी गाठीभेटी. यात कुठेही ‘तुमचे दुःख मोकळे करा’ असा सूर नाही. वर्गातले सगळेच समलिंगी किंवा पारलिंगी असल्यामुळे पात्राचे समलिंगी असणे हा चर्चेचा विषयच राहत नाही. चर्चा संवाद लांबला का, शेवट घाईत उरकला का, यावर होते. इतर लेखकांना जी चर्चा कुठल्याही चहाच्या टपरीवर मिळते, ती इथे आठवडाभर पुरवली जाते. याच संस्थेने न्यूयॉर्क शहरातल्या शाळांत लेखकांना विद्यार्थ्यांच्या भेटीला पाठवण्याचाही कार्यक्रम केला. लेखकासाठी शिबिर आणि वाचकासाठी शाळा, ही दोन्ही टोके एकदम धरायला हवीत, हे त्यामागचे शहाणपण.

भारतात पैसा थोडा होता आणि २०१८ पर्यंत डोक्यावर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ होते, तरी काम त्याच दिशेने झाले. अशोक राव कवी यांनी १९९० साली मुंबईत सुरू केलेल्या ‘बॉम्बे दोस्त’ने छापील जागा दिली. मुंबईतल्याच ‘लेबिया’ या गटाने ‘स्क्रिप्ट्स’ हे छोटे नियतकालिक चालवले. अश्विनी सुखटणकर यांनी संपादित केलेले ‘फेसिंग द मिरर’ हे भारतीय लेस्बियन लेखनाचे संकलन १९९९ साली पेंग्विनने काढले. त्यातल्या बऱ्याच जणींनी टोपणनावाने लिहिले, म्हणजे विश्वासाचे जाळे आधी विणावे लागले आणि पुस्तक नंतर आले. सर्वांत बोलके उदाहरण ए. रेवती यांचे आहे. बंगळुरूच्या ‘संगमा’ या संस्थेत काम करताना त्यांनी तमिळनाडूतल्या अरवाणींच्या, म्हणजे तृतीयपंथी स्त्रियांच्या, कहाण्या गोळा करून तमिळमध्ये पुस्तक केले. इतरांचे आयुष्य मांडता मांडता त्या स्वतःच्या आत्मकथनाकडे आल्या आणि २०१० साली त्याचा इंग्रजी अनुवाद ‘द ट्रुथ अबाउट मी’ या नावाने प्रसिद्ध झाला. संस्थेने त्यांना लेखनाची पदवी दिली नाही. तिने विषय, वेळ आणि आपल्यासारख्या माणसांचा सहवास दिला. तमिळमध्ये हा धागा पुढेही गेला. क्विअर चेन्नई क्रॉनिकल्स या गटाने जुलै २०१८ मध्ये, म्हणजे कलम ३७७वरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येण्याच्या दोन महिने आधी, चेन्नईत साहित्यमेळावा भरवला आणि स्वतः पुस्तकेही काढली. त्याच वर्षी साहित्य अकादमीने कोलकात्यात तृतीयपंथी कवींचे संमेलन घेतले.

मराठीत मात्र पुस्तके आहेत, पण त्यांना जोडणारी साखळी फार बारीक आहे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी मौजेने २००६ साली काढली, पुढे जेरी पिंटो यांच्या अनुवादाने ती इंग्रजीत गेली आणि तिच्यावर चित्रपटही निघाला. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला. ‘पार्टनर’ ही कादंबरी, ‘इंद्रधनु’सारखे माहितीपर पुस्तक, ‘मनाचिये गुंती’मधून पालकांचे अनुभव असे मराठी वाचकाला हवे ते त्यांनी जवळजवळ एकहाती लिहून ठेवले. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून २०१२ साली आले. दिशा पिंकी शेख यांची कविता गेल्या काही वर्षांत व्यासपीठांवर ऐकली जाते. ही यादी लहान नाही. पण यातले प्रत्येक नाव बहुतेक आपापल्या बळावर उभे आहे. एकाच्या पुस्तकातून दुसऱ्याला संपादक मिळाला, तिसऱ्याला अंक मिळाला, असे दिसत नाही. ज्याला समाजकार्य, समुपदेशन आणि लेखन हे सगळे एकट्यानेच करावे लागते, त्याच्या मागून येणाऱ्याला तयार वाट मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, की साहित्य गुणांवर तोलावे, लेखक कोण यावर नव्हे. आक्षेप वजनदार आहे, आणि लॅम्डालाही त्याच्याशी झुंजावे लागले. २००९ साली त्यांनी पुरस्कार फक्त स्वतःला एलजीबीटी म्हणवणाऱ्या लेखकांपुरते ठेवले. त्यावर वाद झाला आणि २०११ साली धोरण बदलले. पुस्तकांचे बहुतेक पुरस्कार आशयावर, सर्व लेखकांना खुले झाले, आणि नवोदितांना उत्तेजन देण्यासारखे मोजके पुरस्कारच लेखकाच्या ओळखीशी जोडलेले राहिले. या तोडग्यातच आक्षेपाचे उत्तर आहे. पुस्तक तयार झाल्यावर त्याला एकच मापदंड लावावा, हे खरेच. पण पुस्तक तयार होण्याआधीची परिस्थिती सर्वांची सारखी नसते, आणि तिथे ओळख विचारात घेणे न्याय्य ठरते. एखाद्याला खेळाच्या मैदानापर्यंत पोहोचायला रस्ता करून दिला म्हणून सामन्यातले नियम बदलत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक आतला आहे आणि तो अनेकदा समलिंगी लेखकच घेतात. अशा वर्गांतून एकाच साच्याचे लेखन निघेल, कादंबरीकाराला कायम ‘समलिंगी कादंबरीकार’ हे लेबल चिकटेल, आणि लेखक आपल्याच गटाच्या टाळ्यांवर खूश राहील. हा धोका खरा आहे, आणि आपल्याकडे तो आत्मकथनाच्या रूपाने येतो. मराठी प्रकाशनव्यवहार वंचितांचे दार उघडतो तेव्हा बहुधा आत्मकथनापुरतेच उघडतो, ही तक्रार दलित साहित्याच्या संदर्भात जुनीच आहे. तृतीयपंथी व्यक्तीकडून घर सुटल्याची, मार खाल्ल्याची, शस्त्रक्रियेची कहाणी मागितली जाते. तिने विनोदी कथा, रहस्यकथा किंवा बालकविता लिहिली तर काय करायचे, हे संपादकाला सुचत नाही. पण नीट पाहिले तर हा दबाव बाहेरच्या बाजारातून येतो, समुदायाच्या वर्गातून नव्हे. ज्या खोलीत सगळ्यांचीच कहाणी साधारण तीच आहे, तिथे नुसत्या कहाणीचे अप्रूप राहत नाही. तिथे वेगळे काही लिहिल्याशिवाय कुणी मान वर करत नाही. म्हणून साचेबद्धपणावरचा उपाय वर्ग बंद करणे हा नव्हे. वर्गात मार्गदर्शक वेगवेगळे असावेत, त्यांत समुदायाबाहेरचे चांगले लेखक आणि संपादक असावेत, आणि विषयाची सक्ती कधीच नसावी. समलिंगी मुलीने दुष्काळावर कादंबरी लिहिली तर तो त्या वर्गाचा विजयच मानावा.

कायदा बदलला, आता वेगळ्या सोयी कशाला, असेही विचारले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या नालसा निकालाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७चा जाच संपला, हे मोठेच पाऊल. पण कायदा मागे घेतला म्हणून रिकामी कपाटे भरत नाहीत. ब्रिटनमध्ये १९८८ साली कलम २८ आले आणि त्याने स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा ‘पुरस्कार’ करायला मनाई केली. त्या कलमाखाली एकालाही शिक्षा झाली नाही, तरी शिक्षक आणि ग्रंथपाल धास्तावून गप्प राहिले. इंग्लंडमध्ये ते २००३ साली गेले तेव्हा एका पिढीची शाळा संपून गेली होती. आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षांची धास्ती आहे, तिची भरपाई एका निकालाने कशी होईल? पालकांची एक काळजी मात्र गंभीरपणे घ्यायला हवी, ती म्हणजे अल्पवयीन मुलांची. अशा उपक्रमांत सामील होण्यासाठी कुणाकडूनही ओळखीची कबुली मागू नये, टोपणनावाची मुभा असावी, छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत, आणि अठराच्या आतल्यांसाठी नियम अधिक कडक असावेत. लेखनवर्गात कुणी कुणाला काही ‘बनवत’ नाही. तिथे मुले येतात ती आधीच जे आहेत त्याला शब्द शोधायला.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत टोकदार वाटतो. हे सारे इंग्रजी बोलणाऱ्या, महानगरी, बऱ्या घरच्या मुलांपुरते राहते. दिल्ली-मुंबईच्या बऱ्याचशा उपक्रमांकडे पाहिले तर तो बराच खराही आहे. परभणीतल्या मुलाला किंवा चिपळूणच्या मुलीला इंग्रजी संकलनातल्या कथेचा उपयोग मर्यादित. पण म्हणूनच मराठीत असा उपक्रम हवा, आणि त्यासाठी लॉस एंजेलिसची नक्कल करायची गरज नाही. दिवाळी अंकांची शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आपल्याकडे आहे. दोन-तीन संपादकांनी दरवर्षी एका नवोदिताचा खर्डा घेऊन त्यावर सहा महिने पत्रव्यवहार करायचे ठरवले, तरी वर्षाला दोन-तीन लेखक घडतील. १९६७च्या कायद्याने उभे राहिलेले सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे तालुक्यापर्यंत आहे. तिथे ‘कोबाल्ट ब्लू’ आणि ‘पार्टनर’ मागितल्यावर मिळावीत, इतके झाले तरी एका टोकाचे काम होईल. विद्यापीठांच्या मराठी विभागांना जागा आहे, साहित्य संस्थांना शाखा आहेत, आणि समपथिकसारख्या संस्थांना वीस वर्षांचा विश्वास आहे. या तिघांनी मिळून वर्षातून चार दिवसांचे शिबिर घ्यायचे ठरवले, प्रवासखर्च दिला आणि निवड फक्त लेखनावर केली, तर खर्च एका मध्यम संमेलनातल्या मंडपाहून जास्त येणार नाही.

अशा उपक्रमाचे यश कशात मोजायचे, हे सुरू करतानाच ठरवलेले बरे. किती पुस्तके निघाली, किती पुरस्कार मिळाले, हे आकडे सोपे पण फसवे असतात. खरी कसोटी समीक्षेत लागेल. आज एखाद्या तृतीयपंथी कवीचा संग्रह आला तर परीक्षक धाडसाचे कौतुक करून थांबतो. कविता कशी आहे, हे सांगायला तो कचरतो, कारण संग्रह एकटाच असतो आणि त्याला वाईट म्हणणे हे त्या माणसाला वाईट म्हटल्यासारखे वाटते. असे वीस संग्रह आजूबाजूला असतील, तर त्यातल्या पाचांना सामान्य, दोनांना टुकार आणि एकाला थोर म्हणता येईल, आणि कुणाचाही अपमान होणार नाही. दलित साहित्याला ही मोकळीक मिळवायला दोन-तीन दशके लागली. ती मिळाली तेव्हाच त्याची गणना मुख्य प्रवाहात झाली. समलिंगी आणि पारलिंगी लेखकांच्या मराठी पुस्तकाला निःसंकोचपणे ‘जमले नाही’ म्हणता येऊ लागेल, तेव्हा या शिबिरांनी आपले काम केले असे समजायला हरकत नाही.